वाचकांचे प्रश्न: ‘इट’, बालपण आणि विसरलेले दोस्त

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ‘वेलकम टू डेरी’ ही सिरीज सुरू झाली तेव्हापासून ती ज्यावरून निघाली त्या, अमेरिकन भयकथालेखक स्टीफन किंगच्या ‘इट’ या कादंबरीबद्दल पत्रं आणि मेल येतायत, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय, बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या अंकात नक्की घेईन. एक आधीच सांगते, इथे पुस्तकाच्या शेवटाबद्दल मोकळेपणाने बोललंय कारण शेवट बाजूला ठेवून या पुस्तकाबद्दल काही खरं बोलताच येत नाही. ज्यांना कोरं राहून वाचायचंय त्यांनी पान जपून ठेवा.

प्रश्न: ताई, मी २०१७ चा आणि २०१९ चा असे दोन्ही सिनेमे पाहिलेत, जोकर, गटार, लाल फुगा सगळं माहितीये. आता मित्र मागे लागलाय की पुस्तक वाच. अकराशेच्या वर पानं आहेत! सिनेमात सगळं आलंच असेल ना? — एक वाचक, पुणे

उत्तर: नाही आलं. घटना बऱ्याच आल्यात, पण ज्यासाठी हे पुस्तक लिहिलंय ते बाहेर राहिलं. दोन सिनेमे करायचे म्हटल्यावर पहिल्यात मुलं आणि दुसऱ्यात मोठी माणसं अशी सरळ फाळणी झाली. पुस्तकात अशी फाळणी नाहीये. तिथे १९५८ चा उन्हाळा आणि १९८५ सालचे ते काही दिवस एकमेकांत इतके गुंतलेत की शेवटी शेवटी तर एका काळात सुरू झालेलं वाक्य दुसऱ्या काळात जाऊन संपतं. (सिनेमाने मुलांचा काळ १९८९ वर आणलाय, म्हणून आकडे जुळले नाहीत तर गोंधळू नका.)

ज्यांनी काहीच पाहिलं-वाचलं नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. अमेरिकेतल्या मेन राज्यात डेरी नावाचं एक काल्पनिक गाव, तिथे साधारण सत्तावीस वर्षांनी काहीतरी जागं होतं, मुलांचे बळी घेतं आणि परत झोपतं. समोरच्या मुलाला ज्याची भीती वाटते ते रूप ते घेतं, पण त्याचा नेहमीचा वेश म्हणजे पेनीवाइज नावाचा विदूषक. १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये सहा वर्षांचा जॉर्जी कागदाची होडी घेऊन पावसात जातो आणि परत येत नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याचा मोठा भाऊ बिल आणि आणखी सहा जण एकत्र येतात. बिल बोलताना अडखळतो, बेन जाडा आहे, एडीला दमा आहे, रिचीचं तोंड कधी बंद नसतं, स्टॅन ज्यू आहे, माइक काळा आहे आणि बेव्हर्लीला घरी बाप मारतो. म्हणजे वर्गात ज्यांना कोणी आपल्या टीममध्ये घेत नाही अशी ही सात पोरं. ती त्या गोष्टीशी लढतात, तिला जखमी करतात, आणि तळहात कापून शपथ घेतात की ते परत आलं तर आपणही परत यायचं.

मग ती मोठी होतात, एक माइक सोडून सगळी गाव सोडतात आणि विसरतात. पुसटसं आठवतंय असंही नाही, सगळंच विसरतात. बिल मोठा लेखक झालाय, त्याच्या बायकोला त्याला एक भाऊ होता हेसुद्धा माहीत नाही. सत्तावीस वर्षांनी एका रात्री सहा ठिकाणी फोन वाजतो, पलीकडून माइक आपलं नाव सांगतो आणि ज्या माणसाला ते नाव क्षणापूर्वी माहीत नव्हतं त्याच्या हाताला घाम फुटतो, तळहातावर गेलेला व्रण परत दिसायला लागतो. सिनेमात हे फोन भराभर उरकलेत, पुस्तकात या सहा फोनचं एक मोठं प्रकरणच आहे, त्यात प्रत्येक फोनला स्वतंत्र भाग आहे आणि मला विचाराल तर आख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात भीतिदायक लिखाण तेच आहे, विदूषक त्यात जवळजवळ नाहीच. भीती या गोष्टीची की माझ्याच आयुष्याचा एवढा मोठा तुकडा कुठे होता इतके दिवस.

सुरुवातीचं ते होडीचं प्रकरणही पुस्तकातूनच वाचा. सिनेमात जॉर्जी तळघरात जातो आणि एक दचका बसतो, संपलं. पुस्तकात तो होडीला लावायला मेण आणायला खाली उतरतो आणि अंधारात बटण चाचपडताना सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात काय काय चालतं ते किंगने इतकं नेमकं लिहिलंय की आपल्यालाच आपल्या घरातला तो एक कोपरा आठवतो, जिथून आपण पळत यायचो. आणि वर पलंगावर तापाने झोपलेला मोठा भाऊ त्याला होडी करून देतोय, दोघं मिळून हसतायत. तो जिव्हाळा आधी दिसतो म्हणून पुढचं सगळं पुस्तक पेलतं. पेलवेल तुम्हालाही, घ्या हातात.

प्रश्न: माझं वय ५४. दोन-तीन वर्षांपूर्वी शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, गेट-टुगेदर झालं. मला लख्ख आठवत होतं की आम्ही चौघं सुट्टीत रोज तळ्यावर जायचो, तिथे आमची एक जागा होती, एकदा एक जण बुडता बुडता वाचला. बाकीच्या तिघांना यातलं काहीच आठवेना, जो बुडत होता त्यालासुद्धा. फार एकटं वाटलं. मग मुलीने हे पुस्तक दिलं, महिनाभर वाचत होतो, पण शेवटी ती सगळी परत विसरतात हे वाचून राग आला हो. एवढं सोसून, दोन दोस्त गमावून परत विसरायचं? लेखकाने असं का करावं? — एक वाचक, सोलापूर

उत्तर: तुमचं पत्र मी परत परत वाचलं. राग येणं बरोबर आहे, तो यावा म्हणूनच शेवट तसा लिहिलाय असं मला वाटतं. पण तुम्ही ज्या जागेवर उभे आहात ती जागा या पुस्तकात एकाच माणसाची आहे, त्याच्याबद्दल आधी बोलू.

सात जणांपैकी सहा जण गाव सोडून गेले आणि सहाही जण नावारूपाला आले. बेन आर्किटेक्ट, बेव्हर्ली फॅशन डिझायनर, रिची रेडिओवर प्रसिद्ध, एडीचा न्यूयॉर्कमध्ये गाड्यांचा धंदा, स्टॅनचं अटलांटात छान चाललेलं. एकटा माइक डेरीत राहिला, तिथल्या लायब्ररीत नोकरी करत, तुटपुंज्या पगारात, लग्न नाही. आणि एकट्या माइकला सगळं आठवतंय. तो जुनी कात्रणं जमवतो, म्हाताऱ्यांना भेटून त्यांच्याकडून गावाचा इतिहास काढतो, १९०६ सालचा कारखान्यातला स्फोट, १९३० साली जाळलेला काळ्या सैनिकांचा क्लब, सगळं एका वहीत लिहून ठेवतो. बाकीचे कुठे आहेत, काय करतात यावर लक्ष ठेवून असतो पण फोन करत नाही, कारण फोन करायचा म्हणजे त्यांची सुखाची झोप मोडायची. सत्तावीस वर्षं मित्रांची आठवण एकट्याने सांभाळणारा हा माणूस मला या कादंबरीचा खरा नायक वाटतो. आणि सिनेमात गावाचा इतिहास शोधण्याचं त्याचं काम लहानपणीच्या भागात बेनला देऊन टाकलंय, ते मला अजून पटलेलं नाही.

आता विसरण्याबद्दल. पुस्तकात विसरणं दोनदा येतं आणि दोन्ही वेळा ते वेगळं आहे. पहिल्या वेळी ते त्या राक्षसाच्या सोयीचं आहे. गाव विसरतं, म्हणून तर दर सत्तावीस वर्षांनी तेच घडू शकतं. मुलं हरवली, चार दिवस पेपरात आलं, कर्फ्यू लागला, मग सगळे पुन्हा आपापल्या कामाला. त्याला लपायला गटारांपेक्षा गावाचं हे विसरणं जास्त उपयोगी पडतं. त्यामुळे पहिल्यांदा आठवणं म्हणजेच लढणं आहे, आणि ते किती अवघड आहे हे स्टॅनच्या शेवटातून कळतं, त्याला ते आठवणं पेलवत नाही आणि फोन आल्यावर तो जीव देतो.

दुसऱ्यांदा विसरतात तेव्हा तो राक्षस मेलेला असतो. लपवायला कोणी उरलेलं नाही. तरी माइक वहीत लिहितो की मित्रांची आडनावंसुद्धा आठवेनाशी झालीत, पत्त्यांच्या वहीतली शाई फिकी व्हायला लागलीये. हा वहीचा भाग वाचताना माझा घसा दाटून आला, दर वेळी येतो. पण नीट बघा, काय काय राहतं तेही किंगने दाखवलंय. बेन आणि बेव्हर्ली एकत्र निघून जातात, बाकी सगळं पुसलं तरी एकमेकांसोबत आहेत. नवऱ्याचा मार खाणारी बेव्हर्ली परत त्या घरात जात नाही. बिलची बायको भीतीने दगडासारखी झालेली असते, तिला तो आपल्या लहानपणीच्या त्या अवाढव्य सायकलवर, सिल्व्हरवर बसवून उतारावरून बेफाम सोडतो आणि ती शुद्धीवर येते. म्हणजे घटना गेल्या, नावं गेली, पण त्या उन्हाळ्याने त्यांना जे धैर्य दिलं ते अंगात राहिलं. माझं मत असं की आठवणीशिवायही मैत्री काम करत राहते हे सांगायला किंगला शेवटी सगळं पुसावंच लागलं. नसतं पुसलं तर दरवर्षी भेटणाऱ्या मित्रांची गोड गोष्ट झाली असती आणि तुम्हाला राग आला नसता, पण पुस्तक मिटल्यावर लगेच डोक्यातून गेलंही असतं.

आणखी एक सांगण्यासारखं आहे. किंग चार वर्षांचा असताना शेजारच्या एका मुलाबरोबर खेळायला गेला आणि पांढराफटक होऊन घरी आला, दिवसभर बोलला नाही. नंतर कळलं की तो मुलगा मालगाडीखाली सापडला होता. किंगला यातलं काहीही आठवत नाही, हे सगळं त्याला आईने पुढे कधीतरी सांगितलं. भयकथांवरचं त्याचं एक पुस्तक १९८१ मध्ये आलं, त्यात त्याने हे लिहिलंय, आणि त्यावरून झटपट काही निष्कर्ष काढायला तो तयार नाही. मीही काढत नाही. पण ‘इट’ लिहायला त्याने त्याच वर्षी सुरुवात केली. आणि किंगचा जन्म १९४७ चा, म्हणजे १९५८ च्या उन्हाळ्यात तो त्या सात मुलांच्याच वयाचा, हेही पुस्तक वाचताना लक्षात असलेलं बरं.

तुमच्या तळ्याबद्दल एकच विनंती, लिहून काढा. तुमच्या मित्रांना पटो न पटो, ती जागा कुठे होती, कोण कुठे बसायचं, त्या दिवशी कोणी कोणाला ओढून काढलं, सगळं. आणि लिहून झालं की त्या तिघांना वाचायला द्या. एखाद्याला अचानक काहीतरी तिसरंच आठवेल, तुम्हालाही माहीत नसलेलं.

प्रश्न: ताई मी नववीत आहे. माझ्या वर्गातल्या एका मुलाने ‘इट’ वाचलंय असं तो सांगतो. मला पण वाचायचंय पण आई नाही म्हणते. पुस्तकातली मुलं तर अकरा वर्षांचीच आहेत, माझ्यापेक्षा लहान! मग मी का नाही वाचू शकत? — एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर: तुझा मुद्दा चलाख आहे, पण या वेळी मी तुझ्या आईच्या बाजूने आहे. पुस्तक मुलांबद्दल आहे, मुलांसाठी नाही. त्यात मारहाण आहे, घरातला अत्याचार आहे, वंशद्वेषाची भाषा आहे आणि हे सगळं तपशिलात आहे. आईसाठी एक वाक्य, शेवटाकडे बोगद्यातला एक प्रसंग असा आहे जो किंगने लिहायला नको होता असं माझं स्पष्ट मत आहे. १९९० च्या मालिकेत आणि दोन्ही सिनेमांत तो कोणीही घेतला नाही आणि ते योग्यच केलं.

पण तुला भीतीच्या गोष्टी आवडतात ही छान गोष्ट आहे, ती सोडू नको. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा लायब्ररीत मागून घे, दिवसाउजेडी सुरुवात कर. नारायण धारपही वाच, त्यांची ‘लुचाई’ थोडा मोठा झालास की. किंगच्याच एका व्हॅम्पायरच्या कादंबरीवरून ती सुचलेली आहे, पण वातावरण आपल्याकडचं आहे. ‘इट’ कॉलेजात गेल्यावर घे. ते कुठे पळून जात नाही, आणि खरं सांगू का, बालपण मागे पडल्यावर वाचलं की ते जास्त लागतं.

प्रश्न: मी शिक्षिका आहे. पुस्तक आवडलं पण एक खटकलं. गावात एवढी मुलं मरतायत आणि एकही मोठं माणूस मदतीला येत नाही? आईवडील, शेजारी, पोलीस, कोणीच नाही? ही अतिशयोक्ती वाटते. — एक वाचक, अकोला

उत्तर: खटकायलाच हवं. पण अतिशयोक्ती म्हणण्याआधी बेव्हर्लीच्या बाथरूमचा प्रसंग परत काढून वाचा. बेसिनच्या भोकातून रक्त उसळतं, भिंती, आरसा, सगळं रक्ताने भरतं, ती किंचाळते, बाप आत येतो, त्याच बेसिनवर हात टेकतो आणि विचारतो काय झालं. त्याला काहीच दिसत नाही. ती म्हणते कोळी होता. दुसऱ्या दिवशी ती एडी, बेन आणि स्टॅनला घेऊन येते, आणि दारातच त्यांचे चेहरे बघून तिला कळतं की यांना दिसतंय. मग ती चौघं काय करतात, तर बादली-फडकी घेऊन बाथरूम पुसून काढतात, आणि मग ती फडकी लाँड्रीत नेऊन मशीनमध्ये धुतात. माझ्या मते मैत्रीबद्दल या पुस्तकाला जे म्हणायचंय ते सगळं या प्रसंगात आहे. तुला जे दिसतं ते मलाही दिसतंय, चल पुसू. लढाई वगैरे नंतर.

आता मोठ्यांकडे वळू. एका ठिकाणी टवाळ पोरं बेव्हर्लीच्या मागे लागलेली असतात, व्हरांड्यात बसलेला शेजारी ते बघतो, उठतो, हातातला पेपर घडी करतो आणि घरात जातो. बस. तिथे जादू नाही, विदूषक नाही. तुम्ही शाळेत आहात, ज्याच्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं पण स्टाफरूममध्ये कोणी बोलत नाही असं घर तुम्हाला आठवलं नाही का हे वाचताना? मला आठवलं.

आणि हे हवेतून आलेलं नाही. किंग मेनमधल्या ज्या बँगर गावात राहत होता तिथे १९८४ च्या जुलैमध्ये चार्ली हॉवर्ड नावाच्या २३ वर्षांच्या समलिंगी तरुणाला तीन पोरांनी पाठलाग करून पुलावरून ओढ्यात फेकलं, तो बुडून मेला. कादंबरीचा १९८४ मधला भाग याच घटनेवर उभा आहे. पात्राचं नाव बदललंय, बाकी फारसं काही बदलायची गरज पडली नाही. तो भाग वाचल्यावर डेरीतला राक्षस आणि डेरीतली माणसं यांच्यात रेघ कुठे मारायची हा प्रश्न पडतो आणि पडावाच.

सगळेच मोठे वाईट आहेत असंही नाहीये बरं का. माइकचे वडील किती सुंदर रंगवलेत, मुलाला जुन्या जागा बघायला पाठवतात, कष्ट शिकवतात, प्रेम करतात. मुलांनी ओढ्यावर बांध घालून सांडपाणी तुंबवलं तेव्हा रागावणारा पोलीसवाला नेल, तोही रागावतो पण मग नाल्या कशा जातात ते त्यांना बसून समजावतो. अशी दोन-चार माणसं आहेत म्हणूनच बाकीच्यांचं गप्प बसणं जास्त टोचतं.

प्रश्न: मला मैत्री, आठवणी सगळं पटलं पण दम्याचा पंप मारून राक्षसाला जखमी करायचं? कवितेची एक ओळ म्हणून लढायचं? अवकाशातलं कासव? इथे पुस्तक हातातून सुटलं. — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: लढाईत बिलला भेटणाऱ्या त्या प्राचीन कासवाबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही, तो भाग मलाही लांबलेला वाटतो. पंपाबद्दल मात्र भांडेन. एडीला औषधाच्या दुकानदाराने आधीच सांगितलेलं असतं की या पंपात औषध नाहीये, नुसतं पाणी आणि चवीला कापूर, तुझा दमा तुझ्या डोक्यात आहे. क्रूरपणे सांगितलेलं असतं, पण खरं असतं. एडीला ते कळतं, पटतं, आणि तरी तो पंप वापरत राहतो. मग लढाईत तोच पंप तो राक्षसावर रोखतो आणि हे अ‍ॅसिड आहे असं ठरवतो, आणि राक्षस भाजतो. कारण राक्षस स्वतः मुलांच्या विश्वासावर जगतो. तू लांडगा आहे असं मुलाने मानलं की तो लांडगा होतो, मग लांडग्याचे नियमही त्याला लागू होतात, चांदीची गोळी लागली की दुखतं. त्याचं बळ तेच त्याचं दुबळेपण. हा नियम किंगने पुस्तकभर इमानदारीने पाळलाय, आणि मोठी झालेली पाच माणसं परत येतात तेव्हा खरा प्रश्न हाच असतो की चाळिशीला आलेल्या माणसाला असा विश्वास पुन्हा ठेवता येईल का. एडीला येतो. त्यासाठी तो काय मोजतो ते तुम्ही वाचलंयच.

या पुस्तकाची सुरुवातही अशीच एका बालकथेतून झालीये. १९७८ मध्ये किंग कोलोरॅडोतल्या बोल्डरला राहत असताना संध्याकाळी दुरुस्तीला टाकलेली गाडी आणायला चालत निघाला, वाटेत लाकडी पूल लागला, बुटांचा टकटक आवाज यायला लागला आणि त्याला पुलाखालच्या राक्षसाची आणि तीन बोकडांची गोष्ट आठवली. पुलाखाली खरंच कोणी असेल तर? मग तो पूल म्हणजे आख्खं गाव झालं आणि पुलाखाली म्हणजे गटारं. १९८७ मध्ये या कादंबरीला ब्रिटिश फँटसी अवॉर्ड मिळालं. त्यामुळे भयकथा म्हणून घेतली तर मध्येच सुटेल, परीकथा म्हणून धरली तर टिकेल असं मला वाटतं.

प्रश्न: मुलगा बॉस्टनला असतो, आम्ही दोघं उन्हाळ्यात जातोय. डेरी खरंच आहे का? बघण्यासारखं काही आहे का? सुनेला ही पुस्तकं फार आवडतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर: डेरी नाही, पण बँगर आहे, आणि बॉस्टनहून गाडीने साधारण चार तास. किंगने डेरी जवळजवळ त्यावरूनच काढलंय. टेकडीवरचा पाण्याचा गोल पांढरा टॉवर, थॉमस हिल स्टँडपाइप, १८९७ सालचा आहे आणि अजून उभा आहे (कादंबरीत तो कोसळतो). आतून बघायला वर्षातले ठरावीक दिवसच उघडतात, आधी चौकशी करून जा. केंडस्कीग नावाचा ओढा गावातून वाहतो, कादंबरीत त्याचं नावसुद्धा बदललेलं नाही. पॉल बनियन नावाच्या लाकूडतोड्याचा ३१ फुटी पुतळा आहे, १९५९ मध्ये बसवलेला, पुस्तकात तो रिचीच्या मागे लागतो, फोटो काढायला सून खूश होईल. किंगच्या घराचं लोखंडी गेट वटवाघळं आणि कोळ्यांच्या नक्षीचं आहे, लोक रस्त्यावर उभे राहून बघतात, तुम्हीही तेवढंच करा. आणि पुलाजवळ चार्ली हॉवर्डचं स्मारक आहे, वरच्या उत्तरात ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याचं. ते चुकवू नका, पाच मिनिटं तिथेही थांबा.

प्रश्न: लहानपणी झी टीव्हीवर जोकरची एक भीतीची सिरियल लागायची, मी चादरीतून बघायचे. ती याच पुस्तकावर होती का? नवरा म्हणतो तुला भास झालाय! — एक वाचक, डोंबिवली

उत्तर: भास अजिबात नाही! ‘वो’ नाव होतं, १९९८ साली लागायची आणि याच कथेवर बेतलेली होती. विदूषकाचं काम लिलिपुट यांनी केलं होतं आणि मोठेपणीच्या मित्रांमध्ये आपले आशुतोष गोवारीकर होते, ‘लगान’च्या आधीचे. नवऱ्याला हे पान दाखवा. आणि बघा, इथेही तुम्हाला आठवतंय आणि दुसरा म्हणतोय असं काही नव्हतंच, सोलापूरचं पत्र वाचलंत ना वर. त्या पिढीतल्या पुष्कळ मुलांना ती आठवते पण नाव आठवत नाही, मैत्रिणींना विचारून बघा, कोणीतरी चादर घेऊन बसलेली निघेलच.

प्रश्न: रोज लोकलने दीड तास जाणं, दीड तास येणं. एवढं जाडजूड पुस्तक गर्दीत धरणं शक्य नाही. मराठी वाचायची सवय आहे, इंग्रजी जमतं पण हळू. काय करू? — एक वाचक, बदलापूर

उत्तर: ऑडिओबुक ऐका. स्टीव्हन वेबर या नटाने वाचलंय, सुमारे ४५ तासांचं आहे, म्हणजे तुमच्या हिशेबाने महिन्याभरात कामाच्या दिवसांतच होईल. बिलचं अडखळणं, रिचीचे नकली आवाज त्याने इतके छान काढलेत की कोण बोलतंय ते इंग्रजी हळू असलं तरी कळतं. सुरुवातीला काळ मागेपुढे होतो तेव्हा गोंधळ उडेल, म्हणून प्रकरणाच्या सुरुवातीला साल सांगतात तिकडे नीट कान ठेवा, आणि सहा फोनचं प्रकरण येईल तेव्हा प्रत्येकाचं नाव आणि शहर मोबाइलमध्ये टिपून ठेवा, पुढे पुष्कळ उपयोग होतो. माइकच्या वहीचे मधले भाग कंटाळवाणे वाटून पुढे ढकलू नका. आणि रात्री शेवटच्या लोकलला ऐकत असाल तर बाथरूमवालं प्रकरण सकाळसाठी ठेवा.